उंबऱ्याबाहेरचा शेरू

मार्गशीर्ष लागला की मला राग येतो.

हे सांगायला बरं वाटत नाही, कारण आमच्याकडचा हा सगळ्यात भला महिना. बाजरी खळ्यावरून घरात आलेली असते, ज्वारी पोटऱ्यात असते, काळ्या रानात कापूस फुटून पांढरा दिसतो. सकाळी विहिरीच्या पाण्यावर वाफ असते आणि म्हातारी माणसं भिंतीला पाठ लावून उन्हाची वाट बघतात. दुपारी कुठल्या तरी चुलीतून वांगं भाजल्याचा वास सुटतो. चातुर्मासभर कुणी वांग्याला हात लावलेला नसतो, म्हणून त्या वासानं सगळं गाव हसऱ्या तोंडाचं होतं. माझ्या मात्र कपाळाची शीर उठते. लग्न होऊन मी बीडला आले, तरी ती शीर माझ्याबरोबरच आली.

हे खंडोबाचे दिवस. प्रतिपदेला घट बसतो आणि षष्ठीला, आम्ही तिला सट म्हणतो, उठतो. सटीला भरीत आणि शेणीच्या आरात भाजलेला रोडगा असा नैवेद्य. कुत्रं हे खंडोबाचं, म्हणून त्याच्या कपाळाला भंडारा लावायचा आणि पहिला घास त्याला द्यायचा. त्यानं खाल्ल्याशिवाय घरात कुणाच्या तोंडात अन्न जात नाही. घट बसल्यापासून उठेपर्यंत कुत्र्यावर हात उगारायचा नाही, हाडसुद्धा म्हणायचं नाही. एरवी वर्षभर काय म्हणायचं, काय फेकून मारायचं, याला देवाची काही हरकत नसावी.

आमचं गाव लिंबागणेशच्या अलीकडे. वडील मी लहान असताना गेले. आई चुलत्यांच्या घरात राहिली आणि मला मामांनी सिकंदराबादेला नेलं. मामा रेल्वेत होते. तिथं मी मडमांच्या शाळेत शिकले. सोळावं लागल्यावर आबांचा, म्हणजे चुलत्यांचा, निरोप आला की पोरीला आता घरी पाठवा, आणि मी गाडीतून, मग दुसऱ्या गाडीतून, मग बैलगाडीतून परत आले. पायांतले बूट मामींनी आधीच काढून ठेवून घेतले होते. घरी आल्यावर मला सगळं पुन्हा शिकावं लागलं. मान वर करून चालायचं नाही. दारात उभं राहायचं नाही. पुरुष माणसं बोलत असताना आतून आवाज येऊ द्यायचा नाही. हे शेवटचं मला सोपं गेलं. बोलणं मला कधीच जमलेलं नव्हतं, कुठल्याच भाषेत.

शेरू त्याच वर्षी दसऱ्याच्या सुमारास आला. तालुक्याच्या अमीनसाहेबांची, म्हणजे फौजदारांची, बदली पार रायचूरकडे झाली. कुत्रं एवढ्या लांब न्यायचं कसं, म्हणून त्यांनी ते आबांच्या हवाली केलं. अमीनाला नाही म्हणायची छाती आमच्या गावात कुणाची नव्हती. आबांची तर नव्हतीच. त्यांनी पागोटं सावरत दोन्ही हातांनी साखळी घेतली, जशी काही मानाची शालच. अमीनसाहेबांची गाडी ओढ्यापलीकडे गेल्यावर ती साखळी त्यांनी सालगडी सटवाच्या अंगावर टाकली.

शेरू चांगला थोराड होता, तांबूस रंगाचा, एक कान फाटलेला. अमीनसाहेब एकटे राहायचे. तिथं तो खाटेवर झोपायचा, ताटाजवळ बसायचा, घरभर फिरायचा. त्याला वाटलं, घर बदललं, रीत तीच असणार. पहिल्याच दिवशी तो ओसरीवरून सरळ माजघरात आणि माजघरातून स्वयंपाकघरात गेला. तिथंच कोपऱ्यात आमचं देवघर. काकू सोवळ्यात होत्या. त्यांनी चुलीतलं लाकूड उचललं.

दुसऱ्या दिवशी त्याच काकूंनी शिळी भाकरी त्याच स्वयंपाकघरातून ये ये करत त्याला टाकली, कारण उठून बाहेर जायचा कंटाळा. तो आत गेला, खाल्ली. संध्याकाळी आत गेला, लाकूड बसलं. आबा त्याला नाव घेऊन कधी हाक मारत नसत, नुसतं "ए कुत्र्या". काकू "हाड" म्हणत, कधी जवळ बोलवायलासुद्धा. सटवा त्याला वस्ताद म्हणायचा आणि पाव्हणे आले की मुद्दाम आत पिटाळायचा. "जा बे वस्ताद, आत जा. काकीसाहेब वाट बघायल्यात." मग आतून आरडाओरडा आला की गोठ्यात जाऊन पोट धरून हसायचा. सगळं घर म्हणायचं, कुत्रं ऐकत नाही. मी खांबाआडून बघायची. मला दिसायचं, ते सगळ्यांचं ऐकतं. एकाच वेळी सगळ्यांचं ऐकायला गेलं की लाकूडच बसतं, हे मला माहीत होतं.

दिवाळी झाल्यावर एकदा त्यानं लोण्याच्या गाडग्यात तोंड घातलं. काकूंनी घर डोक्यावर घेतलं. हाडकं चघळलेलं तोंड माझ्या देवाच्या लोण्यात, असं त्या म्हणत राहिल्या. आबांनी खुंटीवरची बंदूक काढली. शेरू अंगणात जिभेनं मिशा साफ करत बसला होता. बंदुकीकडे बघून त्यानं शेपूट हलवलं, अमीनसाहेबांकडे असली वस्तू भिंतीवर होतीच. काकूच आडव्या आल्या, दया म्हणून नव्हे. पुढच्या पंधरवड्यात घट बसणार, घरचं जुनं कुत्रं पावसाळ्यात मेलेलं, मग सटीला नैवेद्य कुणाला दाखवायचा? गावातली मोकाट कुत्री चालत नाहीत, घरचंच लागतं.

आबांनी बंदूक खाली केली आणि त्यांचं लक्ष खांबाकडे गेलं.

"तू शिकलीस न्हवं मडमाकडं? त्यांच्यात कुत्री लई असत्यात. लाव याला वळण. सटीपर्यंत सोडतो. सटीनंतर एकदा जरी उंबऱ्याच्या आत दिसलं, तर मी हाय आन् ही बंदूक हाय."

तो विनोद होता. ओसरीवरचे सगळे हसले. मी हसले नाही, कारण आबा विनोदात सांगितलेलं करून दाखवतात, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

मला कुत्र्यांचं काही कळत नव्हतं. शाळेच्या आवारात बड्या मडमेचं एक कुत्रं होतं, एवढंच. मधल्या सुट्टीत मुली खेळायच्या आणि मी व्हरांड्याच्या पायरीवर बसून ते बघायची. ती बाई कुत्र्याला नेहमी एकाच शब्दानं थांबवायची. आवाज चढवायची नाही. माळीही तोच शब्द वापरायचा, आयाही तोच. त्यानं ऐकलं की लगेच खाऊ, नाही ऐकलं की काहीच नाही, मारही नाही. हीच बाई आमच्या हातांवर रूळ मारायची, आपसांत आपल्या भाषेत बोललो म्हणून. कुत्र्यावर तिचा जास्त भरवसा होता. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नव्हतं. आता वाटतं. त्या बाईचाही राग येतो, आणि तिच्याकडून मिळालेली एकच उपयोगी गोष्ट मी एका कुत्र्याकडून शिकले, याचाही.

मी आईकरवी आबांना सांगायला लावलं की सगळ्यांनी एकच शब्द वापरायला हवा, थांब, आणि कुणी आतून खायला टाकायचं नाही. आईनं ते चुलीकडे बघत सांगितलं. आबा म्हणाले, "म्हंजी कुत्र्याच्या साळंत आता आमी बसायचं?" काकू म्हणाल्या की माणसाला एक शब्द कळंना, कुत्र्याला काय कळायचा. सटवानं मला लवून सलाम केला आणि विचारलं, बाईसाहेब, हातावर पट्टी मारणार का?

मग मी कुणाला काही सांगितलं नाही. पहाटे सगळे रानात गेले की मी त्याला दोरीनं ओसरीवर घेऊन बसायची. माजघराचा उंबरा सागवानी होता, वर हळदीकुंकवाचे थर बसून खरबरीत झालेला. त्याच्या अलीकडे शेरू, पलीकडे मी. थांब. तो यायचा. मी उठून त्याला परत मागे नेऊन बसवायची. थांब. तो पुन्हा यायचा. थंडीनं माझी बोटं दोरीवर आखडायची. तो जांभया द्यायचा. कधी माझ्याकडे अशा नजरेनं बघायचा की हे घर वेडं आहे, निदान तू तरी नीट वाग. आई माझ्यासाठी ठेवलेली भाकरी जास्त जाड थापायला लागली. कशासाठी ते तिनं कधी बोलून दाखवलं नाही. मी त्या भाकरीचे बारीक तुकडे करून पदरात बांधायची. उंबऱ्याबाहेर बसला की तुकडा समोर ठेवायचा, पण "घे" म्हटल्याशिवाय तोंड लावायचं नाही, हेही मी त्याला शिकवलं. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. बहुतेक त्या घरात काहीतरी माझ्या शब्दासाठी थांबतंय, हे मला बघायचं होतं.

शिकवलेलं सगळं दुपारी मोडायचं. काकूंनी आतून तुकडा फेकला, मोडलं. सटवानं पिटाळला, मोडलं. त्या आठवड्यांत मला जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कधी आला नव्हता. रागात आरडाओरडा असतो असं लोकांना वाटतं. माझा राग अगदी मुका होता. मी घागर जोरात ठेवायचीसुद्धा नाही. मी फक्त दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा उंबऱ्याशी बसायची. शेवटी मी काकूंच्या हाताआधी पोचायला शिकले. त्या भाकरीकडे वळल्या की मी ती उचलायची आणि बाहेर घेऊन जायची. काकूंना वाटलं, पोरगी कामाला लागली. सटवानं पिटाळलं की मी ओसरीच्या टोकाला जाऊन उभी राहायची, काही न बोलता. एक दिवस शेरूनं त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि खाली बसला. सटवा म्हणाला, "फितूर झालास व्हय बे?" त्यानंतर त्याला त्यात मजा राहिली नाही.

खळी झाली, बाजरी पोत्यांत गेली. उंबऱ्याशी कुणी काही केलं तरी शेरू आत येईना. लोण्याचं गाडगं उघडं राहिलं, मांजर आत पळालं, तो अंग थरथरवत बाहेर बसून राहिला. हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. वाईट वागणं सगळ्यांना दिसतं. चांगल्या वागण्याला घरात जागा लागत नाही, म्हणून ते दिसत नाही. मला हे चाललं असतं. सटीनंतरची गोळी टळू दे, एवढंच मी म्हणत होते.

मग घट बसला आणि सगळ्यांच्या जिभेवर साखर आली. सकाळीच काकू शेरूला "देवा" म्हणाल्या. आबांनी त्याच्या फाटक्या कानामागे खाजवलं. ज्या हातांचा मार त्याला खाताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं, ते हात त्याच्या डोक्यावरून फिरत होते, आणि तो बिचारा मान खाली घालून अंग चोरत होता, कारण त्याला देवाचे दिवस कुठून कळणार. मला ते बघवत नव्हतं. सटीच्या दुसऱ्या दिवशी हेच हात परत लाकूड उचलतील आणि त्यात कुणालाही काही वावगं वाटणार नाही, हे मला दिसत होतं.

सटीला भाऊबंद जमले. अंगणात शेण्यांचा आर धगधगत होता, रोडग्यांवरची राख फडक्यानं झटकली जात होती, वांग्याच्या वासानं पोरं कासावीस झाली होती. तळी उचलली गेली, येळकोट झाला, भंडारा उधळला. सगळ्यांचे चेहरे पिवळे. घट माजघरात बसवलेला होता, आबा त्याच्यापुढे ताट घेऊन उभे राहिले. आमच्या घरी कुत्र्याला घटासमोर आणून नैवेद्य देत असत. आबांनी बाहेर बघून हाक मारली, "ये रे देवा, ये."

शेरू उंबऱ्याबाहेर बसला होता. त्यानं शेपटीनं ओसरी झाडली आणि तिथंच बसला.

काकूंनी तुपाचा रोडगा दाखवला. सटवानं मांडीवर थापट्या मारल्या, च्च च्च केलं. शेरूच्या तोंडाला पाणी सुटलं, पुढचे पाय उंबऱ्याला येऊन टेकले, पण तो वर चढला नाही. मागून कुणीतरी म्हातारं हळूच बोललं की देव रुसला वाटतं. एक पोर भुकेनं रडायला लागलं. आबांच्या पिवळ्या कपाळावर घाम आला. ओढून आणावं तर आज त्याच्यावर बळजोरी चालणार नव्हती. एरवी वर्षभर ज्या हाताला कुणी अडवलं नसतं, तो हात ताटाखाली अडकून पडला होता.

त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. मी चौकटीआड उभी होते.

"बोलव त्याला."

मी एक शब्द बोलले असते तर तो आला असता. माझ्यासाठी तो कुठंही आला असता. आणि मी बोलावलं म्हणून उंबरा ओलांडला की उद्या दुपारी, कुणी बोलावलं नाही तरी, पुन्हा ओलांडला असता, आणि उद्या सट नव्हती. बंदूक खुंटीवर होती, मला उभ्या जागेवरून तिचा पट्टा दिसत होता. एवढ्या माणसांत कुणालाच हे दिसत नव्हतं का? दिसत असावं. आबांना तर नक्की दिसत होतं.

आईनं मागून माझं मनगट धरलं. मला थांबवायला की धीर द्यायला, मी अजून विचारलेलं नाही.

"मी न्हाई बोलवणार," मी म्हणाले. आवाज माझा मलाच अनोळखी वाटला. "आत यायचं न्हाई, हे तुमीच सांगितलंत. ते ऐकायलंय. आता तुमी बाहेर या."

चुलीवर काहीतरी उतू गेलं तरी कुणी हललं नाही. शेवटी ओसरीवरून एक भाऊबंद, वयानं आबांपेक्षा मोठे, खाकरून म्हणाले, "चला की भाऊ. भरीत गार व्हायलंय."

आबा निघाले. उंबरा ओलांडून ओसरीवर गेले आणि सगळ्यांदेखत शेरूपुढे वाकले. एका हातानं त्याच्या कपाळाला भंडारा लावला, दुसऱ्या हातानं ताट खाली ठेवलं. शेरूनं ताटाला तोंड लावलं नाही. तो आबांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत राहिला.

आबांची वाकलेली पाठ, पागोट्याखालची मानेची घडी, तिच्यावर सांडलेला भंडारा, हे सगळं मी नीट बघून घेतलं. मग म्हणाले, "घे."

त्यानं खाल्ल्यावर घराला श्वास आला. पंगत बसली. आबा पाव्हण्यांना वाढताना मोठ्यानं सांगत होते की आमच्या घरचं वळणच तसं, देवाचं कुत्रं सोवळं पाळतं. पाव्हणे माना डोलवत होते. एवढ्या लोकांना सांगून झाल्यावर ते सोवळं पाळणारं कुत्रं मारता येणार नव्हतं, आणि ते त्यांनाही कळलं होतं. दुसऱ्या दिवशी बंदूक आतल्या खोलीत गेली. शेरू वाचला. मला मात्र काकूंनी आठवडाभर पाण्यात पाहिलं. चार माणसांत तोंड उघडलंस, उद्या दुसऱ्याच्या घरात हेच करशील, असं त्या म्हणत. त्या घरात कुत्र्याला एक शब्द शिकवला की देवाची कृपा होते, आणि पोर एक वाक्य बोलली की वाट लागते.

शेरू म्हातारा होऊन एका उन्हाळ्यात गेला. मी सासरी होते. ज्वारीची गाडी घेऊन सटवा बीडला आला, पोती उतरवली, पाणी प्याला आणि जाताना म्हणाला की बाई, वस्ताद गेला. मग गाडीच्या जुवाकडे बघत म्हणाला, आत यायचं न्हाई तर न्हाई, पावसातसुद्धा बाहेरच. मी दार लावून घेतलं.

सटीला मी माहेरी जाते. आता घरात दुसरं कुत्रं आहे, चुलतभावाची बायको आहे, नैवेद्याचं ताट ओसरीवर जातं. आबा अजून वाकतात, आता गुडघ्यावर हात ठेवून. दर वर्षी हे बघते आणि दर वर्षी संतापानं माझे कान तापतात. कुणी माझं नाव घ्यावं असं मला वाटत नाही. पण वळण लावलं म्हणे देवानं, वळण म्हणे घराचं, आणि त्या पहाटांची आखडलेली बोटं कुणाचीच नव्हती, हे मला पचत नाही.

यंदा ताट उचलताना भावजय मला समजावून सांगत होती, मी परक्या घरची पाव्हणी असल्यासारखं. "आक्का, आपल्यात कुत्रं उंबऱ्याच्या आत घेत न्हाईत. देवाला चालत न्हाई. पहिल्यापासून असंच हाय."

काकू शेजारीच वाती वळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. मी ताट तिच्या हातून घेतलं आणि ओसरीवर आबांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पहिल्यापासून न्हाई. माझ्यापासून."